चार ओळींतला ओवेचकिन

महोदय,

अलेक्झांडर ओवेचकिनने ६ एप्रिल २०२५ रोजी वेन ग्रेट्झ्कीचा एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधला ८९४ गोलांचा विक्रम मोडला, तेव्हा आपल्याकडच्या क्रीडापानांवर ते चार ओळींत उरकलं गेलं. बर्फाशी आम्हा कराडकरांचा संबंध उसाच्या रसापुरताच, हे मान्य. पण गंमत पाहा. ग्रेट्झ्की जेवढे सामने खेळून निवृत्त झाला, बरोबर त्याच १४८७ व्या सामन्यात ओवेचकिनने ८९५ वा गोल केला. वय ३९, विसावा हंगाम आणि पहिल्यापासून संघ एकच, वॉशिंग्टन कॅपिटल्स. ग्रेट्झ्की स्वतः हजर होता, त्याने अभिनंदनही केलं.

हा खेळ धडकाधडकीचा. शाळेत कबड्डी शिकवताना पंचविशीतच गुडघे गेलेली पोरं मी बरीच पाहिली आहेत, म्हणून वीस वर्षं टिकणं काय असतं ते थोडंफार कळतं. (आमच्या वेळी दुखापतीवर इलाज एकच, हळद आणि तुरटी!)

आणि हा खेळ अगदीच परका नाही. २०२५ च्या आशिया चषकात भारतीय महिला संघाने कांस्यपदक मिळवलं, त्यात लडाखच्या मुलींचा मोठा वाटा. गोठलेल्या तळ्यांवर शिकलेल्या या मुली. हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायला पैलवान खाशाबा जाधवांना वर्गणी जमवावी लागली होती, हे त्यांच्या गोळेश्वर गावाच्या शेजारी राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. या मुलींचा खर्च कसा भागतो, नोकरीचं काय, यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत एक पान द्यावं, ही विनंती.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षक, कराड (जि. सातारा)