नाचेझच्या वाड्यातला पंखा

ह्यूस्टन,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय बंड्या,

फोनवर तू विचारलंस, "एवढं काय बघितलंस त्या नाचेझला?" तेव्हा मी काहीतरी बोलून विषय टाळला. आता बैठक मारून लिहितोय.

इथून सहा तास गाडी हाणली. अमेरिकेच्या दक्षिणेतलं, मिसिसिपी नदीच्या उंच काठावरचं गाव. १७१६ मध्ये फ्रेंचांनी तिथे किल्ला बांधला. पुढे कापसानं अफाट पैसा आणला, आणि त्या पैशातून उठवलेले पांढऱ्या खांबांचे वाडे अजून उभे आहेत. १९३२ पासून तिथल्या बायकांच्या बागमंडळांनी ते लोकांना दाखवायला सुरुवात केली. खोटं कशाला बोलू, दोन वाड्यांनंतर मी कंटाळलो. तेच पडदे, त्याच काचेच्या कपाटातल्या बश्या.

मग मेलरोझ नावाच्या वाड्यात गेलो. जेवणघरात टेबलाच्या वर महोगनीचं भलंमोठं फळकूट टांगलेलं, त्याला दोरी. गाइडबाई म्हणाल्या, "पंका." अरे, आपला पंखा! साहेबाच्या बोटीत बसून कुठवर पोचलाय बघ. मी मोठ्यानं हसलो. पण पुढच्याच वाक्यात त्यांनी सांगितलं, जेवणं होईपर्यंत ती दोरी ओढायला गुलाम पोर उभं असायचं. समोर ताटं, आणि पोरानं नुसती दोरी ओढायची. त्यानंतर मी प्रत्येक जेवणघरात आधी छताकडेच बघत होतो.

लाँगवूड मात्र तुला दाखवायला हवं होतं. अष्टकोनी घर, डोक्यावर कांद्यासारखा घुमट. हॉलर नट नावाच्या जमीनदारानं १८६० मध्ये बत्तीस खोल्यांचा घाट घातला. १८६१ ला उत्तर-दक्षिण राज्यांत यादवी युद्ध पेटलं आणि उत्तरेतले कारागीर हत्यारं टाकून घरी गेले. मग गुलामांच्या हातून तळाच्या नऊ खोल्या कशाबशा पुऱ्या झाल्या. नट १८६४ मध्ये वारला. बायकापोरं त्या नऊ खोल्यांतच राहिली. वरचे मजले आजही तसेच: ना गिलावा, ना फरशी, खोकी पडलेली. बाकीच्या वाड्यांत रंगाखाली काय आहे ते कळत नाही, इथे वीट न् वीट मोजता येते.

निघताना फोर्क्स ऑफ द रोडला थांबलो. १८३३ ते १८६३ इथे माणसांचा बाजार भरायचा. आता काही फलक आणि सिमेंटमध्ये रुतवलेल्या बेड्या, एवढंच. वाड्यांना तिकीट, रांग, सरबत. इथे मी एकटा, आणि बाजूनं गाड्यांची ये-जा.

हो, एक काम कर. तुमच्या वाड्यात माजघराच्या तुळईला एक जाड कडी होती, आठवते? आपण तिला लोंबकळून मार खाल्ला होता. ती झोपाळ्याची की पंख्याची, काकूंना विचार. आणि पंख्याची असेल तर दोरी कोण ओढायचं, तेही विचारून कळव.

तुझा,
दिन्या