मेणाच्या नळ्या आणि माईंची कॅसेट

डब्लिन, रविवार

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार. सात महिने पत्र नाही म्हणून तू मनातल्या मनात दिलेल्या शिव्या पावल्या. प्रकृती ठीक, गुडघा दुखतो, तो दुखायचाच. लिहायला बसलो ते माईंच्या कॅसेटमुळे, आणि ही गोष्ट तुझ्याखेरीज कोणाला सांगण्यासारखी नाही.

येथील विद्यापीठात लोककथांचा मोठा संग्रह आहे. १९३५ साली सरकारने त्यासाठी आयोग नेमला आणि त्याचे संग्राहक खेडोपाडी जाऊन गेलिक बोलणाऱ्या म्हाताऱ्यांच्या कथा एडिफोन नावाच्या यंत्राने मेणाच्या नळ्यांवर उतरवून घेऊ लागले. नळी भरली की तिच्यातील शब्द न् शब्द वहीत उतरवायचा आणि मग, पैशांची चणचण असल्यामुळे, तीच नळी तासून, गुळगुळीत करून पुन्हा वापरायची. थोड्या नळ्या वाचल्या. बाकीच्यांचे शब्द तेवढे उरले, आवाज मेणाच्या भुश्याबरोबर गेला. हे कळले आणि मला एकदम मियाँदाद आठवला.

टेपरेकॉर्डरचे लाल बटण मी दाबले असे तू १९८६ पासून म्हणत आला आहेस. दाबले असेल, पण ‘कोरी आहे’ असे सांगून कॅसेट हातात कोणी दिली? माईंच्या ओव्यांवर शारजाचा सामना चढला, आणि तोही आपण शेवटच्या चेंडूवर हरलो! यांनी निदान आधी लिहून घेतले आणि मग तासले. आपण नुसतेच पुसले.

केरी परगण्यातील शॉन ओ कोनिल हा निरक्षर शेतकरी मनातून जात नाही. पुढे आयोगाचा प्रमुख झालेला डिलार्गी त्याला १९२३ साली प्रथम भेटला, तेव्हा तो सत्तरीचा होता आणि ऐकणारे उरले नव्हते. कथा विसरू नयेत म्हणून तो गुरे राखताना दगडी भिंतीला, बाजारातून परतताना पुढे चाललेल्या आपल्याच गाडीच्या पाठीला, हातवारे करून त्या ऐकवीत असे. गिरणी आल्यावर माई परसात तांदूळ निवडताना कोणाशी बोलत असत, असे आपण एकमेकांना विचारून हसायचो, आठवते? कॅसेट भरली त्या दिवशी ‘जात्याशिवाय ओवी यायची नाही’ म्हणून त्यांनी आपल्याकडून जाते पडवीत ओढून घेतले होते. कॅसेटवर ती घरघरही होती. वही असती तरी घरघर कशी लिहिली असती, हे मला अजून सुचत नाही.

मुलीचे लग्न ठरले हे वाचून फार आनंद झाला, तारीख कळव. बढतीबद्दलही अभिनंदन.

काकूंना माईंच्या ओव्या किती आठवतात ते विचार. दहा निघाल्या तरी पुष्कळ. आधी वहीत उतरव, मग त्यांना जात्यापाशी बसवून फोनवर घे; आणि बटण या वेळी तूच दाब.

तुझा,
सुधीर