‘घरी जोडली’ म्हणून वॉरंटी नाकारलेल्या टाइम ट्रायल फ्रेमबाबत तक्रार

पुणे,
दिनांक : 6 ऑक्टोबर 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी
(कंपनीचं नाव आणि पत्ता पाकिटावर)

विषय : सायकलच्या कार्बन फ्रेमसेटच्या बीबी शेलचं (क्रँकची बेअरिंगं जिथे बसतात त्या भोकाचं) चुकलेलं माप, जाहिरातीपेक्षा जास्त वजन आणि वॉरंटीस दिलेला नकार.

महोदय/महोदया,

4 ऑगस्टला मी तुमच्या वेबसाइटवरून टाइम ट्रायलचा, म्हणजे एकेकट्यानं घड्याळाशी लढायच्या शर्यतीसाठीचा, कार्बन फ्रेमसेट मागवला. मीडियम साइज, रिम ब्रेक, मॅट काळा. 78,500 रुपये एकरकमी भरले. 12 ऑगस्टला खोका घरी आला. आज फ्रेम पुन्हा त्याच खोक्यात आहे. मधल्या आठ आठवड्यांत काय घडलं ते पहिल्यापासून सांगतो, कारण तुमच्या ‘हॅपिनेस टीम’नं माझे तीनही मेल शेवटपर्यंत वाचले असावेत असं त्यांच्या उत्तरांवरून वाटत नाही.

आधी वजन. तुमच्या पानावर मीडियम फ्रेमचं वजन ‘रंगासह 1,180 ग्रॅम’ असं ठळक अक्षरांत लिहिलं आहे. रंगासह हा शब्द वाचूनच मी ही फ्रेम घेतली. बरेच जण सर्वांत लहान साइजची, रंग न दिलेली फ्रेम तोलून आकडा छापतात, हे मला ठाऊक आहे. खोका उघडल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर फ्रेम आडवी ठेवली. 1,396. काटा बिघडला असेल म्हणून एक किलो साखरेचा पुडा ठेवून पाहिला, तो बरोबर होता. तरी मनाचं समाधान होईना, म्हणून कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडे गेलो. त्याच्या काट्यावर वैधमापनाचा शिक्का आहे. पेढ्यांचे खोके बाजूला सारून त्यानं फ्रेम ठेवू दिली आणि ‘कितीला पडली?’ असंही विचारलं. मी आकडा सांगितला नाही. काट्यावर पुन्हा 1,396. त्याचा फोटो सोबत आहे.

म्हणजे 216 ग्रॅम जास्त. तुमच्या चॅटवरच्या व्यक्तीनं ‘पाच टक्के फरक पडू शकतो’ असं कळवलं. पाच टक्के म्हणजे 59 ग्रॅम. हा फरक अठरा टक्क्यांचा आहे.

सपाटीवर वजनापेक्षा वारा जास्त छळतो, हे मला कोणी शिकवायला नको. पण आमच्या क्लबच्या टाइम ट्रायलचा परतीचा मार्ग कात्रजच्या चढाचा आहे, म्हणून हलकी सायकल बांधायची ठरवली. साध्या रबरी ट्यूब काढून टीपीयूच्या (हलक्या प्लास्टिकच्या) घातल्या, तेव्हा दोन्ही चाकांत मिळून साधारण 130 ग्रॅम वाचले आणि अडीच हजार रुपये गेले. बॉटल केजचे स्टीलचे बोल्ट काढून टायटॅनियमचे लावले. त्यात किती वाचले ते लिहायची लाज वाटते. एवढं सगळं वाचवून तुमची फ्रेम त्याच्या वर ऐंशी-नव्वद ग्रॅमचा बोजा टाकून मोकळी झाली. मी आणि सायकल मिळून 78 किलो धरले तर वीस मिनिटांच्या चढाला 216 ग्रॅमचा हा फरक तीन-साडेतीन सेकंदांचा होतो. हसलात तरी हरकत नाही, घरचेही हसले. पण 1989 ची टूर द फ्रान्स ग्रेग लेमाँडनं शेवटच्या दिवशीच्या 24.5 किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये फिरवली आणि तीन आठवड्यांची ती शर्यत अवघ्या आठ सेकंदांनी जिंकली. सेकंदांसाठी पैसे मोजणाऱ्या लोकांनाच तुम्ही ही फ्रेम विकता.

तरीही वजनाचा घोट मी गिळला होता. हे पत्र लिहावं लागलं ते बीबी शेलमुळे.

सायकल मी गॅलरीत बांधली, तीन शनिवार-रविवार घालवून. फोर्कचा स्टिअरर (हँडलकडे जाणारी वरची नळी) कापायच्या आधी चार वेळा मोजला. बारीक दातांचं पातं वापरलं, कार्बनची भुकटी घरात उडू नये म्हणून ओलं फडकं गुंडाळलं, तोंडाला मास्क लावला. स्टेमचे बोल्ट टॉर्क रेंचनं पाच न्यूटन मीटरला आवळले. सीटपोस्टला कार्बन पेस्ट लावली. केबल फ्रेमच्या आतून ओढताना एक संध्याकाळ वाया गेली, पण त्याबद्दल तक्रार नाही. तो या छंदाचा भागच आहे. तुमच्या माहितीपत्रकात मात्र गोल सीटपोस्टचं चित्र आहे आणि मला मिळालेली सीटपोस्ट चपटी आहे. ते कुठल्या फ्रेमचं पत्रक आहे हे सवडीनं कळवावं.

31 ऑगस्ट, रविवार. घरात गौरी यायच्या होत्या. हळदीकुंकवाची ताटं, पाहुणे, आणि गॅलरीत मी बीबी बसवायला बसलेलो. तुमच्या पानावर शेल ‘बीबी 86, प्रेस-फिट, 41 मिलिमीटर’ असा दिला आहे. त्याप्रमाणे शिमानोचा प्रेस-फिट बीबी, म्हणजे शेलमध्ये दाबून बसवायचे बेअरिंगचे दोन कप, आणला होता. डावा कप प्रेसनं दाबला, तो जसा जायला हवा तसा घट्ट, हळूहळू, कुरकुरत आत गेला. उजवा कप भोकावर टेकवला आणि प्रेस उचलायला वळलो, तेवढ्यात तो अंगठ्याच्या भारानं आत जाऊन बसला. प्रेस-फिट कप अंगठ्यानं बसत नसतो. बाहेर काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा तसाच. बोटांनी फिरवला तर भोकात गोल गोल फिरू लागला.

लगेच तुमच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या मुलानं सांगितलं, ‘थोडं लूज चालतं सर, क्रँक टाइट केला की बसून जाईल.’ त्याच्या शब्दावर मी पुढे गेलो. ही माझी चूक, मान्य आहे. क्रँक चढवला, डाव्या क्रँकचे बोल्ट तेरा न्यूटन मीटरला आवळले. 3 सप्टेंबरला पहाटे पहिल्यांदा सायकल बाहेर काढली. अकराव्या किलोमीटरला उजवीकडून ‘कट्’ असा आवाज आला. मग पेडलच्या प्रत्येक फेरीला एक कट्. उभं राहून जोर लावला की दोन. सिंहगड रोडवर माझ्या मागून येणाऱ्या दूधवाल्यानं, ‘काका, चेन तुटंल तुमची,’ असं बजावलं. चेनला काही झालं नव्हतं. कप शेलमध्ये फिरत होता. थांबून क्रँक आडवा हलवला तर हाताला स्पष्ट खेळ लागला. तिथून सायकल हातात धरून घरी आणली.

4 सप्टेंबरला तुम्हाला पहिला मेल केला. त्याला साधी पोच आली ती 11 तारखेला. 18 सप्टेंबरच्या उत्तरात दोन वाक्यं होती. पहिलं, ‘कपाला लॉकटाइट (फट भरणारा चिकट द्रव) लावून पाहा.’ दुसरं, ‘सदर फ्रेम अधिकृत केंद्रात न जोडता घरी जोडली असल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही.’

लॉकटाइटचं आधी सांगतो. केसभर फट भरायला ते ठीक आहे. पण नवी कोरी फ्रेम खोक्यातून काढल्या काढल्या चिकटवायची असेल तर तसं पानावर लिहा, आणि किमतीतून बाटलीचे पैसे वजा करा.

आता दुसरं वाक्य, ज्यासाठी हे सगळं लिहितो आहे. तुम्ही मला सायकल विकलेली नाही, फ्रेमसेट विकला आहे. त्यात फ्रेम, फोर्क, सीटपोस्ट आणि हेडसेट, एवढंच. चाकं नाहीत, ब्रेक नाहीत, क्रँक नाही. अशा वस्तूवर कोणीतरी कुठेतरी हत्यार लावल्याशिवाय तिची सायकल होतच नाही. तुमच्याच पानावर स्टिअरर कसा कापायचा त्याचा साडेसहा मिनिटांचा व्हिडिओ आहे आणि वर ‘तुमची सायकल, तुमच्या हातांनी’ असं लिहिलं आहे. ऑर्डर देताना अधिकृत केंद्रात जोडून घेण्याचा पर्याय कुठेही नव्हता. वॉरंटी कार्डावर घरी जोडू नये असं वाक्य नाही, मी दोन्ही बाजूंनी वाचलं. गिरणीवाल्यानं पिठात खडे द्यायचे आणि पोळी घरी लाटली म्हणून हात झटकायचे, तसा हा प्रकार आहे.

आणि जोडण्यानं भोक मोठं होतं का? माझा प्रेस घरगुती आहे, हे लपवत नाही. बोहरी आळीतून आणलेला आट्यांचा रॉड, दोन नट, जाड वॉशर आणि दोन लाकडी गुटके. तो कप दाबतो, शेल कोरत नाही. डाव्या बाजूचा कप त्याच प्रेसनं, त्याच हातांनी बसवला आणि काढेपर्यंत तो जागचा हलला नाही. उजव्या बाजूला तर प्रेस लागलाच नाही.

तुम्हाला माझ्या हातांवर भरवसा नसेल म्हणून मापं दुसऱ्याकडून घेतली. आमच्या सोसायटीतले एक काका भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहेत. साहेबांची परवानगी काढून त्यांनी फ्रेम तिकडे नेली आणि बोअर गेजनं (भोकाचा आतला व्यास मोजायच्या उपकरणानं) दोन्ही भोकं तीन-तीन दिशांनी मिलिमीटरमध्ये मोजली. डावीकडे 41.01, 41.00, 41.01. उजवीकडे 41.19, 41.22, 41.16. म्हणजे उजवं भोक नुसतं मोठं नाही, गोलसुद्धा नाही. काका वीस वर्षं मायक्रॉनमध्ये बोलणारे. त्यांनी गेजवरचा आकडा पुन्हा एकदा पाहिला आणि म्हणाले, ‘हे आमच्याकडे आलं असतं तर लाल डब्यात गेलं असतं.’ लाल डबा म्हणजे रिजेक्शनचा. मापांच्या कागदाची प्रत जोडली आहे. आत कुठे घासल्याचा किंवा कोरल्याचा ओरखडा नाही, कार्बनच्या थरावरची मूळची चकाकी तशीच आहे, हे जवळून काढलेल्या फोटोंत दिसेल. हे सगळं 22 सप्टेंबरच्या मेलमध्ये पाठवलं. 29 तारखेला मी पुन्हा आठवण केली, तेव्हा 18 तारखेचं दुसरं वाक्य पूर्णविरामासकट परत आलं.

‘घरी जोडली’ या शब्दांत जो तुच्छतेचा सूर आहे, त्यावरही थोडं बोलू द्या. ग्रॅम ओब्री नावाच्या स्कॉटिश माणसानं आपली सायकल स्वतः बांधली होती आणि तिच्या बीबीत धुलाई मशीनचं बेअरिंग बसवलं होतं. जुलै 1993 मध्ये नॉर्वेतल्या हामारला त्यानं पहिल्या दिवशी केलेला तासाच्या विश्वविक्रमाचा (एका तासात एकट्यानं जास्तीत जास्त अंतर जाण्याचा) प्रयत्न फसला. दुसऱ्या दिवशी, 17 जुलैला, तो त्या घरच्या सायकलवर बसला आणि तासात 51.596 किलोमीटर गेला. फ्रान्चेस्को मोझेरचा 1984 पासूनचा विक्रम मोडला. मी ओब्री नाही. माझं वय त्रेचाळीस आहे आणि कात्रज चढताना माझी जीभ बाहेर येते. पण त्याच्या धुलाई मशीनच्या बेअरिंगनं तास काढला आणि तुमच्या 78,500 रुपयांच्या शेलनं अकरा किलोमीटर काढले नाहीत, एवढं लक्षात घ्यावं.

गेल्या गुरुवारी दसरा झाला. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे हत्यारं पुजतात. पान्हे, टॉर्क रेंच, चेन कटर पाटावर मांडले. सायकललाही हार घालायचा म्हणून स्टँडवर काढून ठेवली. क्रँक नाही, पेडल नाही, बीबीच्या जागी आरपार भोक. आईनं झेंडूचा हार हातात धरून विचारलं, ‘अरे, हिला पायच नाहीत, हिची पूजा करायची का?’ शेवटी हार हँडलला घातला. फुलं सुकल्यावर सगळे भाग उतरवले आणि फ्रेम खोक्यात भरली.

आता मागणी. मला फ्रेम दुरुस्त करून नको आहे. एकतर दोन्ही बाजूंचा शेल मोजून, मापांच्या कागदासह नवी फ्रेम द्या, नाहीतर पूर्ण रक्कम परत करा. नवी फ्रेम देणार असाल तर तिचं खरं वजन पाठवण्याआधी कळवा. ते 1,240 ग्रॅमच्या वर असेल तर मला ती नको, पैसेच द्या. उजव्या कपाची बाहेरची बाजू फिरून फिरून झिजली आहे, त्यामुळे त्या बीबीचे 2,400 रुपये वेगळे द्यावे लागतील. फ्रेम नेण्याचा खर्च तुमचा. आणि ‘घरी जोडल्यामुळे वॉरंटी नाही’ हा मुद्दा मागे घेतल्याचं लेखी हवं, म्हणजे नव्या फ्रेमला काही झालं तर हाच पाढा पुन्हा वाचावा लागणार नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. पोच सातव्या दिवशी आली, आणि महिना 4 ऑक्टोबरला उलटला. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस वाट पाहीन. त्यानंतर 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देईन. 2019 च्या कायद्यानं तो मी राहतो तिथे, म्हणजे पुण्यातच देता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. मला तिकडे जायची हौस नाही, रविवार सायकलसाठी राखून ठेवलेले असतात.

बिल, दोन्ही काट्यांचे फोटो, भोसरीतल्या मापांचा कागद आणि आजवरचे मेल यांच्या प्रती सोबत आहेत. तुमच्या माणसाला फ्रेम पाहायची असेल तर कोणत्याही दिवशी संध्याकाळी सातनंतर यावं, येताना स्वतःचं बोअर गेज आणावं. तिसरा मजला आहे आणि लिफ्ट सध्या बंद आहे, पण खोका जड नाही. 216 ग्रॅम जास्त भरेल, एवढंच.

आपला,
(सही)
तक्रारदार ग्राहक
सिंहगड रोड, पुणे