तुम्ही आल्याशिवाय डबल बेल नाही

कंडक्टर काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. शर्टावर बिल्ला होता, त्यावर नंबरही असणार. पण त्या दिवशी माझ्या कडेवर नऊ महिन्यांची मुलगी, खांद्याला दोन पिशव्या आणि बोटाला चार वर्षांचा मुलगा होता, नंबर वाचायला डोळे मोकळे नव्हते. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. मागच्या श्रावणातली सकाळची स्वारगेट-चिपळूण साधी गाडी. कुंभार्ली घाटात आपण अडीच तास अडकलो होतो. एवढ्या खुणेवर तुम्हाला ओळख पटेल असं वाटतं. नाहीच पटली तर 'तिकीट हवंय' म्हणून रडणारा मुलगा आठवा.

माझी आई घरात घसरून पडली होती, हात मोडला होता. नवऱ्याला सुट्टी नव्हती. ज्या गाडीवाल्याशी आदल्या रात्री पैसे ठरले होते त्याने सकाळी फोनच उचलला नाही. तेव्हा लालपरी. दोन लहान मुलं घेऊन एकटी निघालेय म्हटल्यावर शेजारच्या काकूंपासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत प्रत्येकाने सल्ला दिला. पिशवी मात्र कोणी रिक्षापर्यंत उचलली नाही. (वॉचमनने गेट उघडलं, ते खरं.)

तिकिटापाशीच गोंधळ झाला. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही, तेव्हा आम्हा तिघांचं मिळून निघालं अर्धं तिकीट. मशीनमधून कागद टरटरत बाहेर आला, तो तुम्ही माझ्या हातात दिलात आणि चिरंजिवांनी भोंगा पसरला. सगळ्यांना तिकीट मिळालं, त्याला का नाही? मी म्हटलं, अरे, तू लहान आहेस, तू फुकट. हे ऐकून तो आणखीच पेटला. मागून कोणीतरी म्हणालं, मोबाइल द्या हो त्याला.

तुम्ही मोबाइल द्या म्हणाला नाहीत. गालगुच्चाही घेतला नाहीत. मशीनच्या रोलचा कोरा तुकडा फाडलात, गुडघ्यावर ठेवून पेनाने लिहिलंत आणि वाचून दाखवलंत, "सवारी एक. वय चार. पुणे ते चिपळूण. भाडं, पुढं बघत बसणे." मग त्याला विचारलंत, "भाडं परवडतंय का बघा." तो डोळे पुसत म्हणाला, परवडतंय. त्याला कोणी 'बघा' म्हणण्याची ती पहिलीच वेळ.

ते नुसतं गंमत म्हणून लिहिलेलं नव्हतं, हे मला घाटात कळलं.

साताऱ्याला गाडी दहा मिनिटं थांबणार होती. मुलगी भुकेने कासावीस झाली होती आणि खचाखच भरलेल्या गाडीत तिला पाजणं मला जमत नव्हतं. जमायला हवं, हे मलाही कळतं, पण नाही जमत. हिरकणी कक्ष आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला. बाळासाठी रायगडाचा कडा उतरून गेलेल्या बाईचं नाव त्या खोलीला दिलंय, आणि मला साधं स्थानक ओलांडायचं होतं. तरी पाय निघेना. गाडी सुटली तर? थोरल्याला बरोबर न्यायचं की सीट धरून ठेवायला बसवायचं? ही असली गणितं मुलं नसलेल्या माणसाला हास्यास्पद वाटतील. तुम्ही दारात उभं राहून स्थानकावर भरून घेतलेल्या बाटल्या मोजत होतात की काय कोण जाणे, पण मान वर न करता म्हणालात, "ताई, निवांत जा. तुम्ही आल्याशिवाय डबल बेल नाही."

मी गेले. सोळा मिनिटं लागली. परत आले तेव्हा तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ घड्याळ दाखवत होते. अर्ध्या तिकिटात दोन सीटा अडवायच्या आणि वर गाडीही थांबवायची, असं काहीसं चाललं होतं. तुम्ही म्हणालात, "सायेब, तुमचं बी कधीतरी फुकट तिकीट होतं की." मग दोरी ओढलीत. टण टण.

माझ्या मुलाने ते दोन्ही शब्द टिपून ठेवले होते. एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे चला, हे उंब्रज येईपर्यंत त्याने तुमच्याकडून तीनदा समजून घेतलं. तुम्हीही तीनदा सांगितलंत, तितक्याच गंभीरपणे.

आता माझी चूक. पाटणला त्याने दूध मागितलं, मी बाटलीभर दिलं. कोयनानगर सोडल्यावर पाऊस आणि धुकं इतकं दाटलं की बाहेर काहीच दिसेना. तो कंटाळला, मी मोबाइल दिला. मान खाली घालून तो कार्टून बघत बसला आणि घाटमाथ्यावरून गाडी उतरायला लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वळणाला सगळं दूध बाहेर. त्याच्या अंगावर, माझ्या ओढणीवर, पायाखाली. पुढच्या बाईंनी पदर नाकाला लावला. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

तुम्ही ड्रायव्हरमागचा पाण्याचा कॅन आणि जुने पेपर घेऊन आलात. "असू द्या ताई, घाटात रोजचंच आहे." एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण पुढे म्हणालात, "घाटाआधी दूध पाजू नये. आणि मोबाइल तर नाहीच." खरं सांगते काका, त्या क्षणी मला तुमचा राग आला. सकाळपासून सल्ले ऐकून कान किटले होते, त्यात आणखी एक. पण फरक एवढाच होता की हा सल्ला देणारा माणूस उकिडवा बसून माझ्या मुलाची ओकारी पुसत होता.

मग त्याला म्हणालात, "भाडं थकवलं तुम्ही. पुढं बघायचं ठरलं होतं ना?" आणि त्याला उचलून दाराजवळच्या तुमच्या सीटवर नेऊन बसवलंत, जिथून समोरची काच सरळ दिसते. कुठूनतरी आवळासुपारी काढून त्याच्या तोंडात टाकलीत. स्वतः दांड्याला धरून उभे राहिलात, ते चिपळूणपर्यंत.

नंतर आमच्या डॉक्टरांनी मला कारण सांगितलं. मान खाली घालून पडद्याकडे बघताना डोळे म्हणतात आपण जागच्या जागी आहोत आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो आपण हलतोय. या भांडणात पोटाचं काम बिघडतं. समोरचा रस्ता दिसत राहिला की दोघांचं एकमत होतं. साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना गाडी जास्त लागते, तान्ह्यांना सहसा लागत नाही. धाकटी खरोखरच त्या सगळ्या प्रकारात झोळीत झोपल्यासारखी माझ्या मांडीवर झोपलेली होती. तुम्हाला हे सगळं कानाबिनाच्या भानगडीशिवाय ठाऊक होतं. गाडी सुटतानाच तुम्ही त्याच्या तिकिटावर औषध लिहून दिलं होतंत, मला ते वाचता आलं नाही.

आणि मग दरड. पुढे ट्रकची रांग, मागे आपल्यासारख्याच गाड्या. पाऊस थांबायचं नाव नाही. चिपळूणच्या माणसाचं २२ जुलै २०२१ नंतर पावसाशी पहिल्यासारखं राहिलेलं नाही. त्या दिवशी वाशिष्ठीचं पाणी आमच्या माहेरच्या तळमजल्यावर छतापर्यंत चढलं होतं. आईबाबा वरच्या मजल्यावर होते आणि फोन लागत नव्हता. तेव्हापासून नुसत्या संततधारेने माझ्या पोटात गोळा येतो. त्यात इथे रेंज गेलेली.

तुम्ही छत्री घेऊन पुढे चालत गेलात, वीसेक मिनिटांनी चिंब होऊन परत आलात आणि प्रत्येक सीटपाशी थांबून सांगितलंत, "जेसीबी आलाय. दोन तास धरून चला. जास्त लागले तर मला शिव्या द्या." मला सांगून झालं. मग तुमच्याच सीटवर बसलेल्या माझ्या मुलाकडे वळून, तितक्याच आवाजात, तितकंच सगळं परत सांगितलंत. दरड किती मोठी आहे, जेसीबी कुठून आला, किती वेळ लागेल. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं."

काका, मला आभार मानायचे आहेत ते या 'बरं'साठी. गाडीत, ट्रेनमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये मुलांशी बोलणारी माणसं खूप भेटतात. पण ती बोलतात मुलाकडे बघून आणि ऐकवतात आईला. "काय रे, आई मारते का?" "किती रडतोस, आईला त्रास नाही का होत?" मुलाला कोणी काही कळवत नाही. गाडी का थांबली, कधी सुटेल, हे त्याला सोडून सगळ्यांना सांगितलं जातं, आणि मग तो किरकिरला की सगळे माझ्याकडे बघतात. सीटाखाली सरकवलेल्या बॅगेला कोण वेळापत्रक सांगतं? तुम्ही त्याला सवारी म्हणालात आणि शेवटपर्यंत तसंच धरलंत. दोन तासांचे अडीच झाले तरी तो एकदाही रडला नाही. मध्ये एकदा त्याने तुम्हाला विचारलं, "आता शिव्या द्यायच्या का?" तुम्ही म्हणालात, "अजून पाच मिनिटं द्या."

त्या अडीच तासांत शेजारच्या आजींनी त्याला भूकंपाची गोष्ट सांगितली. पोफळीच्या होत्या त्या. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, कोयनेचा भूकंप, त्या तेव्हा शाळेत जाणारी पोर होत्या. भांडी कशी मांडणीवरून पडली, सगळं गाव अंधारात, थंडीत अंगणात कसं बसून राहिलं. दरडीमुळे अडकलेल्या गाडीत चार वर्षांच्या मुलाला सांगायची ही गोष्ट नव्हे, पण तो तोंड उघडं टाकून ऐकत होता आणि मीही.

अजून एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं, लिहितेच. सकाळपासून बाटलीभर पाणी प्यायलेली बाई घाटात दोन-अडीच तास अडकली की तिचं काय होतं हे कोणी विचारत नाही आणि ती कोणाला सांगत नाही. तुम्ही मला काहीच विचारलं नाहीत. आजींच्या सुनेला म्हणालात, "वरच्या वळणावर टपरी आहे, तिथं टपरीवाल्याची बायको असते, मागं मोरी आहे. कुणाला जायचं असंल तर दोघी-दोघी जा, माझी छत्री घ्या." इतक्या सरळ सांगितलंत, जणू पुढचा थांबा सांगताय. आम्ही पाच बायका पाळीपाळीने गेलो. धाकटी आजींच्या मांडीवर, थोरला तुमच्या सीटवर.

मी नेमकी शेवटच्या पाळीला गेले आणि तेवढ्यात पुढची रांग हलली. वरून मला दिसत होतं, ट्रक सुटले, आपल्या ड्रायव्हरकाकांनी इंजिन चालू केलं, मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. मी चिखलातून चप्पल हातात घेऊन पळत सुटले. पुढचं मला आजींच्या सुनेने सांगितलं, ती माझ्याआधी पोचली होती. तुम्ही त्याला खांद्यावर उचललंत, दोरीपर्यंत हात पोचवलात आणि म्हणालात, "मारा डबल बेल." पोरगं दिवसभर याचीच वाट बघत होतं. दोरी हातात धरून ते बसलं आणि म्हणालं, "आई आल्याशिवाय डबल बेल नाही."

तुम्ही त्याला समजावलं असतंत की ती दिसतेय, येतेच आहे, तरी चाललं असतं. तुम्ही नाही समजावलंत. मागचे हॉर्न वाजत राहिले आणि तुम्ही त्याला तसंच खांद्यावर धरून उभे राहिलात. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा सगळी गाडी हसत होती, ते घड्याळवाले गृहस्थसुद्धा. मग बेल झाली. एक जोरात आणि दुसरी जरा दबकत.

चिपळूणला उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बाबा छत्री घेऊन उभे होते. तुम्ही पिशव्या खाली दिल्यात आणि कागद घेऊन कंट्रोलरच्या खिडकीकडे निघालातही. आपल्यात तोंडाने आभार मानायची पद्धत तशीही कमी, पण "येते काका" एवढं तरी म्हणायचं असतं, तेही राहिलं.

माझं त्या दिवशीचं तिकीट परवा पर्समध्ये सापडलं. मशीनचा कागद, पांढरा फटक झालाय, एक अक्षर दिसत नाही. त्याचं तुम्ही पेनाने लिहिलेलं होतं, ते जसंच्या तसं आहे. त्याच्या कंपासपेटीत असतं.

या दिवाळीत आम्ही परत येतोय, त्याच सकाळच्या गाडीने. साहेबांना आता पाच पूर्ण झाली, म्हणजे अर्धं तिकीट लागणार. माझं अर्धं, त्याचं अर्धं, घरात एक पूर्ण तिकीट झालं. खरं तिकीट मिळणार म्हणून तो खूश होईल असं मला वाटलं होतं. पण तो विचारतोय की जुनं चालेल का. मी म्हटलं, मला काय माहीत, कंडक्टर काकांना विचार.

तुमच्या गाडीतल्या तीन सवाऱ्यांपैकी
थोरली