कामोणी एक नाही, हे दाखवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सा. न. वि. वि.

पुरंदर तालुक्यातल्या वांगी कुळाची यादी परवा एकदाची पूर्ण झाली. शेवटच्या शीटवर लेबल चिकटवलं, खळीचे हात धुतले आणि पहिली आठवण तुमची आली. फोन करता आला असता, पण फोनवर तुम्ही "बरं झालं, छान" एवढं म्हणून लगेच पावसाचं विचारता. शिवाय हे आभार मला चार लोकांच्या देखत मानायचे आहेत. नाव लिहू नको म्हणालात, म्हणून लिहीत नाही. हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहातल्या, शीटवर झाड गोळा करणाऱ्याचं नाव असतं, ओळख पटवणाऱ्याचं असतं. झाड कागदावर बसवणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. तुम्ही नोकरीभर तेच काम केलंत, आणि मला या कुळातलं जे काही कळलं ते तुमच्या त्या टेबलापाशी कळलं.

हे पत्र इतरही वाचतील, म्हणून थोडं सांगते. वांगी कुळ म्हणजे आपलं रोजचं स्वयंपाकघर: वांगं, बटाटा, टोमॅटो, मिरची. आणि त्याच कुळात तंबाखू, धोतरा, अश्वगंधासुद्धा. आमच्या भागात बऱ्याच घरी चातुर्मासात वांगं वर्ज्य असतं. चंपाषष्ठीला जेजुरीच्या खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की ते परत ताटात येतं. ज्या माळावरून आम्ही लहानपणी देवाला चालत जायचो, त्याच माळावर वांग्याची काटेरी भावंडं पायाखाली पसरलेली असायची. चप्पल नसेल तर रिंगणीचा काटा ठरलेला. म्हणून यादी करायची तर याच कुळाची, असं मी ठरवलं. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र होतं, शाळेत विज्ञान शिकवते, हाताशी जुने-नवे फ्लोरा, म्हणजे झाडांची वर्णनं असलेली पुस्तकं, होती. वर्षभरात यादी होईल असं वाटलं होतं.

वर्षभरात झालीही. ती यादी आणि शीट्सचा गठ्ठा घेऊन मी तुमच्याकडे आले तो दिवस मला अजून स्पष्ट दिसतो. तुम्ही निवृत्त झाला होतात, तरी आठवड्यातून दोनदा येऊन जुनी शीट्स दुरुस्त करत होतात. सुटलेल्या फांद्या पुन्हा शिवत होतात. मला फक्त माउंटिंग नीट झालंय का ते विचारायचं होतं. तुम्ही गठ्ठ्यातून कामोणीची, म्हणजे याच कुळातल्या छोट्या गोल फळांच्या रानझाडाची, पाच शीट्स वेगळी काढलीत आणि टेबलावर ओळीने मांडलीत. पाचही शीट्सवर मी ठणठणीत अक्षरात लिहिलं होतं, सोलॅनम नायग्रम.

"फळाचा रंग काय होता?" तुम्ही विचारलंत.

"काळा," मी म्हणाले. पाचही शीट्सवर फळं काळीच तर दिसत होती.

"वाळल्यावर सगळीच काळी होतात. झाडावर कशी होती?"

वही उघडली. दोन झाडांपुढे 'फळ काळे' लिहिलं होतं. तीन झाडांपुढे जागा, तारीख, 'बांधावर' एवढंच. मला आठवतच नव्हतं. तुम्ही रागावला नाहीत. भिंग माझ्या हातात दिलंत आणि फळाखालची हिरवी वाटी, निदलपुंज, पाहायला सांगितलंत. दोन शीट्सवर त्या वाटीच्या पाकळ्या पार मागे, देठाकडे वळलेल्या होत्या. उरलेल्या तिन्हींवर त्या फळाला जवळजवळ टेकून होत्या. मग फुलांचे झुबके. पहिल्या दोन शीट्सवर सगळे देठ छत्रीच्या काड्यांसारखे एकाच बिंदूतून निघालेले, बाकी तिन्हींवर थोडे थोडे पुढेमागे. वर्षभर ती शीट्स माझ्या कपाटात होती आणि मला एकदाही दिसलं नव्हतं.

"नाव खोडू नका. नुसती पेन्सिलने खूण करा. आणि पुढच्या हिवाळ्यात परत जा." तुम्ही मला 'अहो' म्हणत होतात, याचंच मला त्या दिवशी जास्त संकोचायला झालं.

तो पुढचा हिवाळा मी कधी विसरणार नाही. कऱ्हेच्या काठच्या ओलसर बांधांवर मिळाली ती चकचकीत काळ्या फळांची कामोणी, वाटी मागे वळलेली. तीच सोलॅनम अमेरिकॅनम. आणि वरच्या बाजूला, पडीक रानात, मेंढ्या बसवलेल्या जागेजवळ मिळाली ती दुसरी. तिची फळं पिकून नारिंगी झाली होती! अंगावर लव, पानं बोटांना मऊ लागत होती. सोलॅनम व्हिलोसम. मी तिथेच खाली बसले आणि वहीत तीन वेळा 'नारिंगी' लिहिलं. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनेही १७५३ मध्ये तिला नायग्रमचाच एक प्रकार मानलं होतं. वेगळी जात म्हणून तिला नाव दिलं ते फिलिप मिलरने, १७६८ मध्ये. तरी त्यानंतरही कितीतरी काळ आपल्याकडच्या याद्यांमध्ये या सगळ्या एकाच नावाखाली नांदत राहिल्या. हा फरक वरवरचाही नाही. अमेरिकॅनममध्ये २४ गुणसूत्रं असतात, व्हिलोसममध्ये ४८ आणि खऱ्या नायग्रममध्ये ७२.

ती ताजी फळं घेऊन मी आले तेव्हा तुम्ही दाखवलेली गोष्ट मी आता माझ्या वर्गातल्या मुलांना दरवर्षी दाखवते. डब्यातली स्टीलची ताटली पुसून घेतलीत. अमेरिकॅनमचं एक पिकलं फळ तिच्यावर ठेवून सुईच्या मागच्या टोकाने चिरडलंत. जांभळा रस पसरला, चपट्या फिकट बिया बाहेर आल्या. मग सुई रसातून हळूच फिरवलीत आणि म्हणालात, "ऐका." ताटलीवर बारीक कच्कन आवाज झाला. बियांमध्ये तीन गोल पांढरे कण होते, वाळूच्या दाण्यासारखे टणक. ते अश्मपेशींचे खडे. अमेरिकॅनमच्या फळात असे खडे बहुधा सापडतात. मग व्हिलोसमचं फळ चिरडलंत. खूप सुई फिरवली, आवाज नाही. नायग्रममध्येही ते नसतात, हे तुम्ही सांगितलंत. ती खरी नायग्रम, मंद, बिनचमकेच्या काळ्या फळांची, मला आमच्या तालुक्यात आजवर मिळालेली नाही. म्हणून जे नाव माझ्या पहिल्या यादीत पाच वेळा होतं, ते नव्या यादीत एकदाही नाही. मला त्याचा फार आनंद आहे.

त्या धनगराच्या वाड्यावरच्या आजींनाही हे ठाऊक होतं, बरं का. मी नारिंगी फळं दाखवली तर त्या म्हणाल्या, "ही न्हवं ती. ती काळी येगळी." मुलं पिकलेली काळी फळं खातात, हिरवी खाऊ देत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. ते योग्यच आहे, कारण कच्च्या फळात सोलॅनिनसारखी विषारी द्रव्यं जास्त असतात. पण कुठली कामोणी कुठली हे ओळखता येत नसेल तर रानातलं फळ तोंडात घालू नये, हे मी मुलांना बजावून सांगते.

भुईरिंगणीचं शीट करायला तर तुम्हीच शिकवलंत. माझ्या पहिल्या रिंगणीने टिपकागदाची चाळण केली होती. तिचे पिवळट सरळ काटे दोन-दोन सेंटिमीटरपर्यंत जातात, वर्तमानपत्राच्या सहा घड्या सहज पार करतात. वर गोटीएवढं फळ, त्यामुळे झाड दाबून वाळवायचा प्रेस घट्ट बसत नाही आणि पानं सुरकुततात. तुम्ही काय केलंत? फांदी दोन फळ्यांमध्ये ठेवलीत, वर एक जुनी गोणी टाकलीत आणि मला त्यावर उभं राहायला सांगितलंत. काटे कडकड मोडले नाहीत, नुसते आडवे झाले. फळ चाकूने उभं कापून अर्धं शीटवर, अर्धं बियांसकट कागदी पाकिटात. पाकिटावर बाहेरून लिहायचं: कच्चं असताना हिरवं, पांढरे पट्टे, पिकल्यावर पिवळं. फूल निळसर जांभळं होतं हेही लिहायचं, कारण शीटवर ते तपकिरी होणार आहे. आज माझ्या प्रत्येक लेबलवर रंगाची वेगळी ओळ असते, ती या शिकवणीची.

नावांच्या बाबतीत मी खूप हट्ट केला होता, तेही आठवतं. आपली ही रिंगणी, जिला मी कॉलेजात सोलॅनम झँथोकार्पम म्हणून पाठ केलं, तिचं आजचं मान्य नाव सोलॅनम व्हर्जिनियानम. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचं! मला ते पटेना. मधलं सुरात्तेन्स हे नाव तरी निदान सुरतेवरून होतं. तुम्ही शांतपणे सांगितलंत की व्हर्जिनियानम १७५३ चं आहे, सुरात्तेन्स १७६८ चं, झँथोकार्पम १७९५ चं. जे आधीचं, ते चालतं. लिनियसपुढे होतं ते इंग्लंडमधल्या एल्थमच्या बागेत वाढलेल्या झाडाचं, डिलेनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७३२ मध्ये छापलेलं चित्र. झाड कुठून आलं याची माहिती चुकली, ती नावात कायमची राहिली. मी अजूनही मनात रिंगणीच म्हणते, पण लेबलवर व्हर्जिनियानम लिहिते.

डोर्लीच्या बाबतीतला गोंधळ जास्त गंभीर आहे, कारण तो औषधापर्यंत जातो. आयुर्वेदातल्या दशमुळांपैकी लघुपंचमुळात कंटकारी आणि बृहती दोन्ही येतात. कंटकारी म्हणजे भुईरिंगणी, ती जमिनीला धरून असते, चुकण्यासारखी नाही. बृहती म्हणजे उभी वाढणारी डोर्ली. जुन्या ग्रंथांमध्ये तिला सोलॅनम इंडिकम लिहिलेलं असतं. पण ते नाव इतक्या वेगवेगळ्या झाडांना लागलं की शेवटी नियमाने बादच करावं लागलं. जांभळ्या फुलांची, नारिंगी वाटाण्याएवढ्या फळांची आपली डोर्ली ती सोलॅनम व्हायोलेसियम. आणि तिच्याचसारखं उभं, काटेरी, पण मोठ्या पिवळ्या फळांचं रानवांगं ते सोलॅनम इन्सानम, वांग्याचा रानटी पूर्वज. त्यालाही वर्षानुवर्षं इन्कॅनम म्हणून लिहिलं गेलं, ते वेगळंच झाड. मी डोर्ली म्हणून आणलेल्या चार फांद्यांपैकी एक रानवांगं निघाली. ती तुम्ही फळावरून ओळखली नाहीत, फळ नव्हतंच तिला. तुम्ही फुलं मोजायला लावलीत. खालचं एक मोठं फूल फळ धरणारं, वरची बाकी सगळी लहान आणि नुसती नर. डोर्लीत असं नसतं. परसातल्या वांग्याच्या झाडावर घरी जाऊन पाहा म्हणालात. पाहिलं. तसंच होतं. तीस वर्षं वांगी खाऊन मी ते फूल कधी नीट पाहिलं नव्हतं.

धोतऱ्यांमध्ये फार अडचण आली नाही. बोंड वर ताठ उभं असेल आणि चार फाकांनी फुटलं तर स्ट्रामोनियम, खाली झुकलेलं आणि लांब बारीक काट्यांचं, लवदार असेल तर इनॉक्सिया, झुकलेलं पण नुसत्या आखूड उंचवट्यांचं असेल तर मेटेल. चिरबोट्यांनी (फायसॅलिस) मात्र रडवलं. ती पेटी अजून पूर्ण सुटलेली नाही, पुढच्या पावसाळ्यानंतर घेऊन येते.

आणि काका, त्या जुलैचं तर बोलायलाच हवं. मी अर्धवट वाळलेली अठरा शीट्स प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवली होती. आठ दिवसांनी उघडली तर सगळीकडे पांढरी बुरशी. मला रडू फुटलं होतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी सासवडला एसटीने आलात, हातात लाकडी खोकं, आत शंभर वॅटचा बल्ब, वर जाळी. बुरशी लागलेली शीट्स ब्रशने एकेक साफ केलीत, स्पिरिट लावलंत, रात्रभर त्या जाळीवर फिरवत ठेवलीत. अठरापैकी तेरा वाचली. माझ्या सासूबाईंनी जेवायला थांबवलं, तर तुम्ही आधी विचारलंत, "भाजी कशाची?" भरली वांगी होती. चातुर्मास लागला होता, पण आमच्या घरी पाळत नाहीत. तुम्ही पाळता हे तेव्हा कळलं. तुम्ही ताक-भात खाल्लात आणि परत शीट्सपाशी जाऊन बसलात. सासूबाईंना ते फार लागलं होतं. त्यांनी तुमच्यासाठी निरोप दिलाय: चंपाषष्ठीनंतर या, भरीत करते.

यादीची एक प्रत आणि दोन शीट्स सोबत पाठवते आहे, तुमच्या त्या कपाटात ठेवायला. एक अमेरिकॅनमचं, एक व्हिलोसमचं. दोन्हींना फळांचं पाकीट जोडलंय. व्हिलोसमच्या पाकिटावर लिहिलंय: 'पक्व फळ नारिंगी, ताजं असताना पाहिलं.' लेबलवर खाली एक जादा ओळ टाकली आहे, 'माउंटिंग', आणि तिच्यापुढची जागा मोकळी सोडली आहे. पेन तुमच्याकडे असतंच.

तुमची,
सासवडची कामोणीवाली