कियारीचा क्लेम 'लपवलेला आजार' म्हणून नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

महोदय,

जून 2021 पासून मी आपली पॉलिसीधारक आहे, एकही हप्ता चुकवलेला नाही. एप्रिल 2025 मध्ये माझी कियारी मालफॉर्मेशनची, म्हणजे लहान मेंदूचा खालचा भाग कवटीतून मानेकडे उतरण्याच्या दोषाची, शस्त्रक्रिया झाली. दोष जन्मजात आहे आणि 2023 च्या कागदावर 'जुनी मानदुखी' लिहिलेली आहे, म्हणजे मी आजार लपवून पॉलिसी घेतली, असं म्हणून आपण क्लेम नाकारलात. लपवल्याचा हा आरोप मला पैशांपेक्षा जास्त लागला आहे.

त्रास सुरू झाला 2022 च्या पावसाळ्यात. खोकलं, शिंकलं किंवा भरलेली बादली उचलली की डोक्याच्या मागे, मानेच्या जरा वर जोराची कळ यायची आणि मिनिटभरात ओसरायची. कुणी मायग्रेन म्हणालं, कुणी सायनस. पुढे उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या तेव्हा एक्स-रे काढून 'मणक्यात गॅप आहे' म्हणून सांगितलं आणि पट्टा, शेक, ट्रॅक्शन सुरू झालं. तुम्ही पुरावा म्हणून दाखवता तो कागद त्याच फिजिओथेरपीचा आहे. त्यातली 'जुनी' मानदुखी सात महिन्यांची होती.

डिसेंबर 2024 मध्ये भाकरी उलटताना माझी बोटं तव्याला टेकली आणि मला कळलंच नाही. मुलगी ओरडली तेव्हा पाहिलं, तर कातडी सोलवटली होती. त्या बोटांना कापड आणि कागद यातला फरक कळत होता, गरम-गार मात्र कळत नव्हतं. न्यूरॉलॉजिस्टनी टाचणी टोचून पाहिली आणि विचारलं, "खोकल्यावर डोकं मागून दुखतं का?" अडीच वर्षांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता.

एमआरआयमध्ये लहान मेंदूचा खालचा भाग कवटीच्या तळाच्या छिद्रातून 11 मिलिमीटर खाली उतरलेला दिसला. साधारण 5 मिलिमीटरपासून कियारी धरतात. त्यामुळे मेंदूभोवतीच्या पाण्याची वाट अडून मज्जारज्जूच्या आत पोकळी झाली होती, तिला सिरिंक्स म्हणतात. गरम-गार आणि दुखणं कळवणारे तंतू मज्जारज्जूच्या मधूनच पलीकडे जातात, म्हणून आधी तेच निकामी होतात. साध्या एक्स-रेत यातलं काही दिसत नाही. मग तो एक्स-रे पाहणाऱ्या डॉक्टरांनाही जे कळलं नाही, ते मला 2021 मध्ये कसं माहीत असणार?

विम्याच्या नियमांत आधीपासूनचा आजार म्हणजे पॉलिसीपूर्वी निदान झालेला, किंवा ज्यासाठी वैद्यकीय सल्ला वा उपचार घेतलेला आजार. माझ्याबाबतीत यातलं काहीच नव्हतं. कियारी असलेल्या कित्येकांना तर काहीच त्रास होत नाही, भलत्याच कारणासाठी एमआरआय काढल्यावर तो सापडतो. शिवाय माझ्या पॉलिसीत वगळलेले आहेत ते बाह्य, म्हणजे डोळ्यांना दिसणारे जन्मजात दोष. माझा दोष कवटीच्या आत आहे.

हा क्लेम पुन्हा उघडा, न्यूरोसर्जनकडून तपासून घ्या आणि नाकारायचाच असेल तर पॉलिसीतलं नेमकं कलम लेखी कळवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर मी पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन. दोन्ही एमआरआयचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि 'जुनी' म्हणजे किती महिने हे स्पष्ट करणारं फिजिओथेरपिस्टचं पत्र सोबत जोडलं आहे.

आपली,
पॉलिसीधारक, नाशिक