कोयत्यामागचे घर: सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे. घरातली म्हातारी गेली की दहाव्याच्या आत मुलगा तिचे आधार कार्ड घेऊन येतो आणि त्यावरचा बोटभर फोटो मोठा करून, पदर डोक्यावर नीट घेऊन, कपाळी कुंकू लावून मागतो, कारण हार घालण्याजोगा दुसरा फोटो घरात नसतो. यातली बरीच घरे ऊसतोडीची आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला नवरा-बायको कारखान्यावर जातात, त्या जोडीला हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात, आणि मागे राहिलेली लेकरे आजी-आजोबांच्या हवाली असतात.

२०१९ साली ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय गाजला तेव्हा आमच्याकडे कॅमेरे आले, आणि यायलाच हवे होते. पण कोपीबाहेर, म्हणजे तोडीवरच्या तात्पुरत्या झोपडीबाहेर, उसाच्या वाळल्या पाचटावर बसून लेकीची वेणी घालणारी आई टिपायची तर तिथे मुक्काम करावा लागतो, आणि हंगामभर दुकान बंद ठेवून मुक्काम करणे माझ्यासारख्याला परवडत नाही.

मराठी चित्रपटाला शासन अर्थसाहाय्य देते, आणि साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानातून कित्येकांचे पहिले पुस्तक निघाले. त्याच धर्तीवर कौटुंबिक जीवनाच्या दीर्घ छायाचित्र-प्रकल्पांसाठी अनुदान सुरू करावे, अशी माझी विनंती आहे. मी एका कार्यालयात ही विचारणा केली तेव्हा ‘लग्नाच्या फोटोंना कसले अनुदान?’ असे हसून उत्तर मिळाले. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू, छायाचित्रकार नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी होते, हे त्या साहेबांना सांगायचे राहून गेले.

अनुदानाची रक्कम मोठी नसली तरी चालेल, मात्र ती कॅमेरा-खरेदीऐवजी छायाचित्रकाराच्या वेळेसाठी असावी. छापील फोटोंचा एक संच त्या कुटुंबाला देणे बंधनकारक असावे, आणि घरातल्या बाईने ‘हा फोटो नको’ म्हटले तर तो कोठेही लावला जाऊ नये. संमतीच्या कागदावर फक्त कर्त्या पुरुषाचा अंगठा घेऊन भागू नये, हे मी मुद्दाम लिहितो. आमच्याकडे तसेच घडते.

राहिला प्रश्न मुदतीचा. शासकीय अनुदानाचे विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामी खर्चल्याचा दाखला, ३१ मार्चच्या हिशेबाने मागितले जाते, आणि कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे गाळप हंगाम संपून, ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडे परततात त्याही साधारण मार्च-एप्रिलमध्येच. सहा महिन्यांनी आई दारात उतरते आणि धाकटे पोर तिला न ओळखता आजीच्या मागे लपते, त्या दिवशी छायाचित्रकार तालुक्याला पावत्या जोडत बसलेला नसावा, म्हणून या योजनेचे वर्ष जून ते मे असे धरावे.

आपला नम्र,
एक स्टुडिओचालक